मामांचा बधिर गाल

हातकणंगल्याजवळच्या एका सायझिंगमध्ये मी टेस्टिंगला होते. तिथं सुताला खळ लावून ते वाफेच्या गरम सिलिंडरवर वाळवतात आणि मग बीमवर, म्हणजे मागाला लावायच्या मोठ्या रुळावर, गुंडाळतात. सूत ओलं राहिलं तर बीमला बुरशी येते. फार वाळलं तर मागावर तटातट तुटतं. हा ओलावा मोजायला मालकांनी मीटर आणलं होतं. ते कपाटात पडून होतं, कारण आमचे सायझर मामा ओलावा गालानं बघायचे.

मशीन हळू करायचं, उजवा गाल सुताला टेकवायचा, डोळे मिटायचे. "वाफ कमी करा." संपलं. मी दोनदा मीटर लावून पाहिलं. दोन्ही वेळा मामाच बरोबर निघाले. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, आमटीतलं मीठ बघायला पन मीटर हाय काय घरात?"

एका सकाळी मामा गालाला रुमाल धरून आले. गाल टेकवला, वाफ वाढवली. परत टेकवला, परत वाढवली. थोड्याच वेळात धागे तुटायला लागले.

मी धावत गेले तर मामा हळूच म्हणाले, "दाढ काढून आलोय. डाक्टरनं सुई दिलीया. गालाला काय कळंनाच झालंय."

"मग डावा लावा की!"

"तिकडं तंबाखू असती. त्यो गाल कवाच कामाचा नव्हता."

मी मीटर काढलं. सेल संपलेले. मामांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमचा गाल द्या."

कानातलं काढून मी वाकले.

"कसं लागतंय?"

"गरम."

"गरम लागनारच की! पापडागत का चपातीगत?"

"पापड."

मामांनी वाफ उतरवली. "आता?"

"चपाती. पण कालची."

आणखी उतरवली. "आता?"

"ताजी!"

तेवढ्यात बीम न्यायला आलेले यंत्रमागवाले दारातूनच ओरडले, "अवो, मॅडमना चक्कर आली व्हय? पानी आना की कुनीतरी!"

"गप बसा, पावणं," मामा वाकड्या तोंडानं म्हणाले. "टेस्टिंग चाललंय."

वाळून कडक झालेलं सूत आम्ही कापून टाकलं. बाकीचं बीम मागावर विनातक्रार चाललं. मामांचा गाल मात्र टम्म सुजला. आठवडाभर ते स्टुलावर बसून राहिले आणि वाफेचा व्हॉल्व्ह माझ्या शब्दावर फिरवत गेले. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही मला इतकं भारी वाटलं नव्हतं.