सतरा शर्टांची बाकी

तीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या आत्याने कुणाला रुमालसुद्धा फुकट करून दिला नव्हता. पण वेल्डर भाचा परदेशी स्थायिक व्हायला निघाला आणि व्हिसासाठी खात्यात दाखवायची शिल्लक कमी पडली, तेव्हा तिने स्वतःची ठेव मोडून पैसे भरले.

बँकेतला कारकून म्हणाला, "एवढी रक्कम एकदम कुठून आली, ते व्हिसावाले विचारणारच. 'भेट दिली, परत नको' असं लिहून सही करा. नाहीतर अर्ज अडकेल."

आत्याने पेन खाली ठेवलं. "परत नको, असं मी लिहायची नाही."

"अगं आत्या, माझी तीन वर्षांची खटपट पाण्यात जाईल!"

"देणंच उरलं नाही, तर तू परत कशाला येशील रे?"

आत्या कारकुनाकडे वळली.

"साहेब, याच्या सतरा शर्टांच्या इस्त्रीची बाकी आहे. तीही यात लिहावी लागते?"

"छे, तिचा काय संबंध?"

आत्याने झोकात सही ठोकली. भाच्याने हसत पाकीट काढलं.

"खबरदार!" तिने त्याच्या हातावर चापट मारली. "ती दुकानात येऊन द्यायची. पुढच्या वर्षी."