गच्चीवरच्या उड्या

मुलुंडची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं घाटत होतं. तळमजल्यावरचं एक म्हातारं जोडपं तेवढं सही करत नव्हतं. इमारत धोकादायक ठरली की त्यांना निघावंच लागणार, म्हणून कमिटीला तपासणी हवी होती. मी याच कामातली इंजिनिअर. "घरचीच पोरगी आहे, तूच कर गं," सेक्रेटरी काका म्हणाले.

रविवारी मी जिन्यात मजल्यामजल्यावर सेन्सर चिकटवले नि गच्चीवर लॅपटॉप उघडला. सगळ्यांना सांगितलं होतं, रोजच्यासारखं वागा. लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉशिंग मशिन, रस्त्यावरच्या बसेस, वारा, एवढ्यानेही इमारत किंचित डोलते. त्या डोलण्याची लय सापडली की तिच्यात किती ताकद उरलीय याचा अंदाज येतो.

चार्जर आणायला मी घरात गेले. परत आले तर स्क्रीनवर रेघा नुसत्या थयथयत होत्या. टाकीच्या मागे पाहिलं. कमिटीची पाच-सहा माणसं घाम गाळत, एका तालात उड्या मारत होती. सेक्रेटरी काका मोजत होते, "एक, दोन, हां, जोरात!" आणि त्यांच्यात माझे बाबा. गुडघे दुखतात म्हणून एका मजल्यालाही लिफ्ट घेणारे बाबा, लुंगी वर खोचून उडत होते.

मला शिसारी आली.

"काका, काय चाललंय?"

"अगं, जरा हलवतोय ना. रिपोर्टला बरं."

"उड्या मारून हलेल जास्त, पण लय तीच राहते. आणि खाली माणसं राहतात, लाज वाटत नाही?"

बाबा खोचलेली लुंगी खाली सोडून टाकीकडे बघत राहिले.

तो सगळा डेटा मी टाकून दिला आणि कामाच्या दिवशी, कमिटीतले सगळे नोकरीवर गेलेले असताना, पुन्हा मोजलं. इमारत ठीक होती. काही कॉलम दुरुस्त करायला हवे होते, बस्स. तसंच लिहून दिलं.

"याचं काय लोणचं घालू?" म्हणत काकांनी दुसरा इंजिनिअर आणला. तो खुर्चीवरून उठलाही नाही. चहा प्यायला, 'धोकादायक' लिहून गेला.

जोडपं पार्ल्याला मुलीकडे गेलं. जाताना त्यातल्या काकूंनी मला विचारलं, "खरंच पडणार होती का गं?"

"नाही काकू."

"मग?"

मी त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली.

त्याच आठवड्यात बाबा पेढे घेऊन आले. "शेवटी तुलाच मिळणार ना फ्लॅट," म्हणत एक माझ्या हातावर ठेवला. गॅलरीत जाऊन मी तो कावळ्याला टाकला आणि साबणाने हात धुतले.