दुसऱ्यांदा विचारायचं नाही

सारजाला मी इंग्रजी शिकवलं, काटे-चमचे कसे मांडायचे ते शिकवलं, पदराला पिन कुठं लावायची तेही शिकवलं. त्याचा मला काडीचा त्रास झाला नाही. पोरगी हुशार होती. माझं डोकं फिरवलं ते एकाच गोष्टीनं: समोरच्यानं 'नको' म्हटलं की ते तिच्या कानात शिरतच नसे.

दापोडीत रेल्वेच्या कडेला तिच्या आईवडिलांची खानावळ होती. आई छबूबाई भाकऱ्या थापायच्या, वडील अर्जुनराव गल्ल्यावर बसायचे आणि मॅट्रिक झालेली सारजा वाढायला. आपल्याकडं जेवणारा पहिल्यांदा नको म्हणतो ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा म्हणतो ते भिडेखातर, आणि तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरतो तेव्हा त्या हाताच्या बाजूनं भाकरी ताटात सरकवायची असते. सारजा या कामात पटाईत होती.

मी तिची शाळेतली बाई, शालन. राहायलाही शेजारीच होते. विमान कंपनीची जाहिरात तिला मीच वाचून दाखवली. मॅट्रिक झालेल्या, लग्न न झालेल्या, इंग्रजी-हिंदी बोलणाऱ्या मुली हवाईसुंदरी म्हणून हव्या होत्या. पोरीचे डोळे असे काही चमकले की मी तिथंच तयारीला लागले. अर्जुनरावांनी मात्र विचारलं, "म्हंजी आभाळात खानावळच की वो, बाई?" मीही घाईत होते, म्हटलं, हो, तसंच समजा. आणि सारजानंही ते तसंच समजून घेतलं.

रोज संध्याकाळी मी माझ्या ओटीवर खुर्ची टाकून विमानातली उतारू व्हायचे. सारजा ताटलीत चहा, बिस्किटं घेऊन यायची. मी म्हणायचे, "नो, थँक यू."

"घ्या ना बाई. एकच घ्या."

"अगं, मी नको म्हटलं!"

"सकाळधरनं काही खाल्लं नसेल तुम्ही. माझी शपथ आहे."

विमानातल्या साहेबाला शपथ घालणार होती! मी खुर्चीवरून उठून तिला फैलावर घेई. एकदा विचारायचं. हो म्हटलं तर द्यायचं, नको म्हटलं तर हसून पुढं जायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. ती मान डोलवायची आणि पुढच्या फेरीला बिस्किट हळूच माझ्या बशीत ठेवायची. एकदा तर मी रागानं कप बाजूला सारला तर म्हणाली, "बाई, पण तुमच्या तोंडावर भूक दिसतीय." भूक होतीच, पण म्हणून काय झालं?

शेवटी मी फर्मान काढलं की खानावळीतही हाच नियम पाळायचा. तिथं हाहाकार उडाला. मुरारी फिटर कारखान्यातून दमून आलेला. सारजानं विचारलं, भात? तो सवयीनं नको म्हणाला. ती हसली आणि पुढच्या पाटाकडं गेली. मुरारी रिकाम्या ताटाकडं बघत बसला. मग माझ्या दारात येऊन म्हणाला, "बाई, काय इद्या शिकवली पोरीला? मी आपलं रीत म्हनून नको म्हनलो राव, ती खरंच गेली की!" छबूबाई तर माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. गिऱ्हाईक अर्धपोटी उठतंय म्हणजे घराण्याची अब्रू गेली, असं त्यांना वाटे. मी कुणाकुणाची समजूत काढायची? पण सारजाला जमायला लागलं होतं. तिला त्यात एक वेगळीच मजाही वाटू लागली असावी. एक दिवस म्हणाली, "बाई, माणसानं नको म्हटलं आणि आपण ते ऐकलं, की त्याला नवलच वाटतं, नाही?"

अर्जुनरावांनी तिला मुलाखतीला जाऊ दिलं ते केवळ, तिला कोण घेतंय, या खात्रीनं. त्यांचा जीव अडकला होता चाकणच्या स्थळात. कांद्याची मोठी आडत, रस्त्यावर घर. सारजा पहिल्या दिवसापासून नको म्हणत होती. घरात त्याचा अर्थ 'पोरगी लाजती' असा लागला होता, आणि पाहुण्यांचं येणंजाणं बिनघोर चालू होतं.

मुंबईला मीच तिच्याबरोबर गेले. आत तिला चहा द्यायला लावला. एका साहेबानं नको म्हटलं; हिनं हसून ट्रे मागं घेतला. निवड झाल्याचं तिथंच कळलं. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. येताना गाडीत ती माझा हात धरून बसली होती, आणि मी, जिला कधी रडू येत नाही, ती खिडकीकडं तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन खानावळीत गेले तर सारजा परातीत पीठ मळतेय.

"आबा न्हाई म्हणाले," ती शांतपणे म्हणाली.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणायचं? बरं म्हटलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे महिने घसा फोडला तो काय यासाठी? मी तरातरा गल्ल्याशी गेले. अर्जुनराव पडेल चेहऱ्यानं बसले होते. मला वाटलं होतं, खुशीत असतील.

"येकदाच इचारलं तिनं," ते म्हणाले. "मी न्हाई म्हनलो, ती गेली. मंग मी म्हनलं, तिचंच मन न्हाई. चाकणकरांना होकार कळवून टाकू."

सारजा पिठाच्या हातानं दारात उभी होती. "त्यांना मी नको म्हटलंय, आबा."

"आगं, पोरीच्या जातीनं तसं म्हनायचंच आसतंय. पर आता नीट सांग."

"नीटच सांगितलं होतं." ती दारातून हलली नाही. "तुमी येकदा न्हाई म्हनला, मी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. आता तुमीबी मला इचारू नका."

जेवणाऱ्यांचे हात ताटात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मुलीचं 'नको' अर्जुनरावांच्या कानात शिरलेलं मला दिसलं. ते पुटपुटले, "पर मला इचारायचं तरी व्हतंस की पुन्यांदा."

"मग तुमी हो म्हनला असता?"

"तिसऱ्या बारीला म्हनलो असतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मग पहिल्यांदाच का नाही म्हणालात? जा सारजा, विचार पुन्हा, विचार तिसऱ्यांदा, पण संपव हे एकदाचं!"

"न्हाई इचारणार," सारजा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हाताला पीठ असल्यानं ते पुसताही येत नव्हतं. "मी येकदा मनापासनं इचारलं व्हतं. त्याचंच उत्तर द्या."

अर्जुनरावांनी गल्ल्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मुलीकडं न बघता म्हणाले, "जा."

"काय म्हनले?" छबूबाईंनी चुलीपासून ओरडून विचारलं. अर्जुनराव काही ते पुन्हा म्हणणाऱ्यांतले नव्हते. शेवटी मीच ओरडून सांगितलं.