विलायती डब्यातला गवती चहा

खालापुरातल्या एका किराणा दुकानदारानं मला फसवलं, आणि माझ्या हातून भिसेगावच्या डॉक्टरांना.

कर्जत स्टेशनाबाहेर माझं चहाचं हॉटेल होतं. दुसऱ्याच्या कपबशा विसळून मी ते उभं केलं होतं. लढाई संपून गोरे साहेब सामान विकून निघाले होते, तेव्हाची ही गोष्ट. हा दुकानदार बाजाराच्या दिवशी यायचा आणि माझ्याकडचा उकळलेल्या चहाचा चोथा गोणपाटात भरून न्यायचा. गुलाबांना घालतो म्हणायचा. मला तो फेकायचाच असे.

एकदा त्यानं पत्र्याचा डबा आणला. वर इंग्रजी अक्षरं.

"साहेबाच्या बंगल्यातला हाय. विलायतेत चार मळ्यांची पत्ती मिसळून केलेला. झाकण तेवढं उघडलंय."

घासाघिशीत मी कुणाला ऐकलेलं नाही. भाव निम्म्यावर आणला आणि चव बघायला चमचाभर पत्ती माझ्या पातेल्यात टाकली. पातेल्यात दूध, साखर, माझी रोजची पत्ती, गवती चहा असं सगळं आधीच खळखळत होतं. फक्कड लागला. इतका गाढव मी आयुष्यात त्या एकाच दिवशी झालो.

डबा मी भिसेगावात नेऊन डॉक्टरांना विकला. ते बिनदुधाचा चहा पीत. माझ्या बाकावर बसून मला अहो-जाहो करणारा पंचक्रोशीतला तो एकच शिकलेला माणूस. चहा भुरकून तोंडात कसा फिरवायचा, जिभेच्या कडा कशा आवळतात, गिळल्यावर मागं काय उरतं, हे त्यांनी मला शिकवलं होतं. माझ्या शब्दावर त्यांनी डबा ठेवून घेतला.

माझ्यासमोरच त्यांनी किटलीत पत्ती घातली, वर उकळतं पाणी ओतलं, झाकून ठेवलं. पहिला घोट घेतला आणि कप माझ्यापुढं सरकवला.

"घ्या. विलायतेत गवती चहा उगवतो का हो?"

मी भुरकलो. रंग होता, जिभेला काहीच लागत नव्हतं. नाकात मात्र माझ्याच पातेल्याचा वास.

"एकदा उकळून वाळवलेली पत्ती आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याच हॉटेलातली. दुसरं काही सांगू नका."

मी तडक खालापूर गाठलं. "दाखव तुझे गुलाब!"

"वाळले रं," तो हसत म्हणाला. "चोथा तूच दिलास, डबा तूच इकलास. मी कुठं हाय त्यात?"

त्याची गचांडी धरली तेव्हा चौघांनी मला ओढलं. पुढं कर्जतच्या एकाही हॉटेलवाल्याला मी त्याच्याकडून साखरेचा दाणा घेऊ दिला नाही. त्यानं माझी आग विझली नाही. डॉक्टर हॉटेलावरून जाताना तोंड फिरवायचे, आणि मला लबाड समजूनच ते गेले.

दुकानदार जिवंत आहे. रोज ओटीवर बसतो. त्यानं भिसेगावात यावं, डॉक्टरांच्या मुलीसमोर उभं राहावं आणि चोथा कुणी वाळवला, डब्यात कुणी भरला, ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. मी बाहेर उभा राहून ऐकणार आहे.