डाव्या हातातला चाकू

हॅम्बर्गच्या एका लहानशा म्युझियममध्ये मी पीएचडी सांभाळून हिवी आहे. हिवी म्हणजे पडेल ते काम करणारी विद्यार्थिनी. तिथे नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या, सामी या तिथल्या मूळ जमातीतल्या, एका फोटोग्राफर बाईंच्या निगेटिव्ह स्कॅन करायला मिळाल्या आणि मी हरखूनच गेले! बाई रेनडिअर पाळणाऱ्या घरातल्या. बाहेरचे लोक येऊन त्यांच्या माणसांना ठेवणीतल्या कपड्यांत उभं करून फोटो काढायचे. यांनी मात्र चाळीस वर्षं आपलं रोजचं जगणं टिपलं. बर्फात स्नोस्कूटर उघडून बसलेला भाऊ, मोज्यांवरून भांडणाऱ्या बहिणी, अवेळी बर्फ फुटलेली नदी आणि अलीकडच्या काठावरच अडकलेला कळप. फोटो बघताना मी एकटीच ‘अगं बाई’ म्हणत बसायचे.

सगळ्यात लाडका फोटो त्यांच्या आईचा. रेनडिअरचं पिल्लू मांडीत दाबून धरलंय आणि चाकूने त्याच्या कानाला खूण करतेय. पण चाकू डाव्या हातात! मला वाटलं, निगेटिव्ह उलटी पडली. मी स्वतः जन्माची डावखुरी. लहानपणी डावा हात पुढे केला की फटका बसायचा. चांगलं काम उजव्यानेच करायचं. म्हणून कुणाला न विचारता मी फोटोची डावी-उजवी बाजू बदलली आणि भिंतीएवढा छापून घेतला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

उद्घाटनाच्या सकाळी बाई आल्या. मी जवळजवळ नाचतच त्यांना त्या भिंतीपाशी नेलं. त्या आईच्या चेहऱ्याकडे बघेनात, पिल्लाच्या कानांकडेच बघत राहिल्या. मग मला इंग्रजीत समजावलं, की प्रत्येक मालकाची खूण वेगळी असते, दोन्ही कानांवर कापलेली. डावा-उजवा बदलला की मालक बदलतो. मी केलेल्या उलटापालटीत ती खूण शेजाऱ्यांची झाली होती. संध्याकाळी त्यांच्या गावची माणसं येणार होती, आणि ती आधी कानच वाचणार.

“इथे माझी आई चोर दिसतेय,” त्या म्हणाल्या.

मी सगळं कबूल केलं. आमचे साहेब नुसतं ‘आल्झो, आल्झो’, म्हणजे ‘तर मग, तर मग’, करत घड्याळ बघायला लागले. मी प्रिंटवाल्याच्या हातापाया पडले आणि नव्या फोटोची गुंडाळी छातीशी धरून भर पावसात एस-बानकडे, म्हणजे इथल्या लोकलकडे, पळत सुटले. घाबरले होते, पण खरं सांगू? मजाही येत होती. कानावरच्या चार कापांत अख्खं घर वाचता येतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं!

पाच वाजता फोटो भिंतीवर चढला. गावाकडून आलेले एक आजोबा अगदी नाक टेकेल इतके जवळ गेले. कान पाहिले, हात पाहिला, सामीत काहीतरी बोलले आणि खदखदून हसले. काय म्हणाले, मी बाईंना विचारलं.

“म्हणतात, पिल्लू तिचंच आणि हातही तिचाच. शाळेत मास्तर मारून थकले, पण हिने तो हात काही बदलला नाही.”

शाळेला जे जमलं नव्हतं, ते मी एका क्लिकमध्ये करून बसले होते.