ताईचे सात आणि माझे सहा

ऑक्टोबर म्हणजे आमचा रोझरीचा, माळेच्या प्रार्थनेचा महिना. वसईत असताना आई संध्याकाळी सातला गुडघे टेकायची आणि आम्ही दोघी बहिणी मागे. आई गेल्यावर त्या पहिल्याच वर्षी ते फोनवर सुरू झालं. ताई सिडनीत पॅरामॅटाला मुलाकडे, मी ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला लेकीकडे. ताई थोरली, म्हणून प्रार्थनेचा पहिला अर्धा ती सांगायची आणि उरलेला मी उत्तरात म्हणायचे. एक तारखेपासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती.

आता याच महिन्याच्या पहिल्या रविवारी सिडनीवाले संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे सरकवतात आणि आमचं ब्रिस्बेनकडचं क्वीन्सलँड राज्य जागचं हलत नाही. इथल्या लोकांना एकदा मत विचारलं होतं, त्यांनी चक्क नाही म्हटलं. बरोबरच केलं! इथलं ऊन आणखी तासभर कोणाला हवंय?

तर त्या रविवारी मी माझ्या सातला फोन लावला. ताईचे आठ वाजलेले.

"तासभर माळ हातात घेऊन बसले गं मी," ती म्हणाली. "शेवटी एकटीनेच केली."

"ताई, घड्याळ तुम्ही हलवलंत. मी हलवलं का?"

"अख्खं सिडनी हलतं, तुमचं काय अडतं? माझा मुलगा ऑफिसातून येऊन उजेडात फिरतो. तुम्ही बसा मागे!"

"आमची गाडी मागे नाही, तुमचीच पुढे पळते."

ती हसली नाही. म्हणाली, "आठपर्यंत मला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आता ज्याची त्याने करूया."

ते मात्र मला लागलं. क्वीन्सलँडचं बरोबर, हे मी आजही कोणालाही पटवून देईन. पण बरोबर असून एकटीने माळ ओढायची, त्यात काय राम?

माझ्या सहाला, म्हणजे ताईच्या सातला, लेक शिफ्टवर असते, नातीचं जेवण माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला भात कुकरला लावला, फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि ताईला लावला. नात म्हणाली, "आजी, I'm hungry." म्हटलं, "दहा मिनिटं गप्प बस, आणि माझ्याबरोबर उत्तर दे."

ताईने लगेच सुरुवात केली. माळेच्या पाच रहस्यांपैकी तिसऱ्याला कुकरची शिट्टी झाली. ताई थांबली.

"किती शिट्ट्या राहिल्या?"

"दोन."

"होऊ दे मग," म्हणाली, आणि थांबून राहिली.