चांदीचे दोनशे चार थेंब

माझी मुलगी तेव्हा रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पाण्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करायचे आणि ते टिकवायचे, असा तिचा प्रकल्प होता. तयार करणं सोपं, टिकवणंच अवघड, असं ती वर्षभर सांगायची. मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारा माणूस. काट्यावर दिसेल तेवढं मला कळतं. हे कण कुठल्याच काट्यावर येत नाहीत. ते पाण्यात आहेत हे फक्त रंगावरून समजतं. सुटे असले की पाणी पिवळं, एकमेकांना चिकटले की करडं.

परीक्षेच्या चार दिवस आधी तिची कॉलेजातली बाटली करडी झाली. प्रयोगशाळेच्या इमारतीत दुसऱ्याच कुठल्या परीक्षा चालू होत्या, त्यामुळे ती बंद. तिच्या मॅडमनी चांदीच्या क्षाराचं द्रावण दहा मिलिलिटर मोजून दिलं, म्हणजे एका वेळेपुरतं. सोमवारी बुलढाण्याला बाहेरचे परीक्षक येणार होते. तोवर पिवळी बाटली झाली नाही तर तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. म्हणून रविवारी आमच्या गावी, धाड इथं, घरच्या स्वयंपाकघरातच करायचं ठरलं.

सगळं बर्फात ठेवून करावं लागतं आणि सकाळपासून वीज नव्हती. मी बाजारातल्या सरबतवाल्या चाचांकडून तीन किलो बर्फ घेतला.

"एवढा बर्फ? पोरीचं लगन काढलं काय, भाऊ?"

"परीक्षा आहे तिची."

"मग मीठ टाकजा त्याच्यात. नाही तं घंट्याभरात पाणी होईन."

घरी येऊन पातेल्यात बर्फ फोडून घातला, थोडं पाणी ओतलं. मुलगी आत ड्रॉपर धूत होती. मी चारशे ग्रॅम मीठ वजन करून बर्फात घातलं. तिला विचारावं असं मनातही आलं नाही. कुल्फीच्या डब्याभोवती मीठ घालतात, हे लहानपणापासून पाहिलेलं. कुल्फीचा डबा झाकलेला असतो आणि आमचा काचेचा चंबू उघडा होता, हा फरक मला सुचला नाही.

चंबूत बोरोहायड्राइड नावाच्या पावडरीचं तीस मिलिलिटर द्रावण होतं. ही पावडर क्षारातली चांदी मोकळी करते. मुलगी वरून चांदीच्या द्रावणाचा सेकंदाला एक थेंब सोडत होती. मी चंबू बर्फात फिरवत थेंब मोजत होतो.

"बाबा, मोठ्यानं नका मोजू. माझा हात हलते."

"मनात मोजलं की चुकते."

"दोघंही येडे," बायको म्हणाली. "चांदी म्हणे! एवढ्यात पोरीचा छल्लाही नाही होत."

तिसाव्या थेंबाच्या आसपास पाणी पिवळं दिसू लागलं. दोनशे चार थेंबांत द्रावण संपलं तेव्हा रंग हरभऱ्याची डाळ भिजवलेल्या पाण्यासारखा झाला होता. त्या आठवड्यात मुलगी पहिल्यांदा हसली. आता बाटलीत ओतायचं आणि वर पॉलिमरचे चार थेंब घालायचे. पॉलिमर प्रत्येक कणाभोवती गुंडाळलं जातं, मग कण चिकटत नाहीत.

ओतलं मी. चंबूच्या बाहेरून निथळणारं पाणी त्याच्या काठाशी आलं आणि धारेबरोबर बाटलीत गेलं. ते मला दिसलं. बर्फाचंच तर पाणी आहे, असं वाटलं.

मुलगी पॉलिमरच्या कुपीचं झाकण काढेपर्यंत पिवळ्यात तांबूस झाक आली. मग मळकट रंग, मग करडा. मिनिटभरही लागलं नसेल.

"बाबा, बर्फात काय होतं?"

"मीठ. चारशे ग्रॅम."

ती ओरडली नाही. कणांवर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ आलं की तो जोर राहत नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं.

"मग ते पॉलिमर टाक ना आता."

"चिकटलेले सुटत नाहीत, बाबा."

तरी तिनं चार थेंब घातले. रंग तोच राहिला. गाळून पाहू का, मी विचारलं. नाही. उकळून? नाही. चांदीचा क्षार मिळेल का म्हणून मलकापूरच्या रसायनं विकणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला. रविवार, दुकान बंद. मग मी पातेलं मोरीत रिकामं केलं, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमवारी ती करडी बाटली घेऊनच एसटीनं गेली. दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, परीक्षक सर विचारून राह्यले, बाटलीत मीठ किती गेलं?"

"बर्फात चारशे ग्रॅम होतं."

"बर्फातलं नाही. बाटलीतलं."

"ते नाही सांगता येत."

"अंदाजे?"

मी ती धार पुन्हा आठवून पाहिली. "चमचाभर पाणी गेलं असेल. कदाचित कमी. मीठ किती ते नाही सांगता येत."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी परत आली. प्रकल्प सहा महिन्यांनी पुन्हा द्यायला सांगितलं होतं. बाटली तिनं ओट्यावर ठेवली. तळाशी काळपट साका बसला होता आणि वर पाणी स्वच्छ झालं होतं.

"मी मॅडमशी बोलू का?" मी विचारलं.

"काय बोलाल, बाबा?"

मीठ मी घातलं होतं एवढं सांगेन, असं म्हणायला मी वळलो. तोवर ती हातपाय धुवायला निघून गेली होती.